यॉर्कशरच्या लिलावात नानांचा संग्रह

माझे सासरे, आमचे नाना, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर होऊन १९६० च्या दशकात यॉर्कशरला आले ते कायमचेच. आठवडाभर दवाखाना आणि रविवारी जुना बाजार, असं त्यांचं आयुष्य गेलं. इंग्लंडात रविवारी सकाळी एखाद्या शेतात किंवा मैदानात लोक गाडीच्या डिकीतून घरातलं सामान मांडून विकतात, त्याला कार बूट सेल म्हणतात. हिंदुस्थानात चाकरी करून परतलेल्या साहेबांची नातवंडं आजोबांचं घर रिकामं करताना माळ्यावरचं 'इंडियन' सामान तिथे आणायची. ते नेमकं काय आहे हे विकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसायचं, नानांना असायचं. कच्छी चांदी, बिदरी, अडकित्ते, रवि वर्मा प्रेसची चित्रं, दख्खनचे जुने नकाशे असं करत करत त्यांच्या घरात एक छोटं संग्रहालयच उभं राहिलं.

नाना गेल्यावर सासूबाईंनी आमच्याजवळच्या लहान फ्लॅटमध्ये यायचं ठरवलं. एवढं सामान तिथे मावणार नव्हतं. घरं रिकामी करून देणारा एक माणूस येऊन सगळं बघून गेला आणि घाऊक आकडा सांगून मोकळा झाला. आकडा ऐकून माझा नवरा विचारात पडला, कारण एका दिवसात काम उरकणार होतं. सासूबाईंनी मात्र ठाम नकार दिला. "ज्याला कळतंय त्याच्याकडेच जाऊ दे," म्हणाल्या. मलाही तेच पटलं, आणि मग हे काम माझ्याकडे आलं.

लंडनची मोठी लिलावघरं आमच्यासाठी नव्हती. एका वस्तूची किंमत काही हजार पौंडांच्या वर जाणार असेल तरच ती घेतात. जिल्ह्याच्या गावातली लिलावघरं चहाच्या चमच्यापासून तैलचित्रापर्यंत सगळं घेतात, आणि आता बोली इंटरनेटवरून लागते म्हणून अहमदाबादचा किंवा मुंबईचा संग्राहकही यॉर्कशरच्या विक्रीत घरबसल्या उतरू शकतो. आम्ही आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचं एक जुनं लिलावघर निवडलं. निवडताना मी एकच गोष्ट तपासली. त्यांचे मागच्या दोन-तीन वर्षांचे निकाल उघडून भारतीय वस्तू तिथे कशा लिहिल्या जातात, कोणत्या विक्रीत घालतात आणि काय भावाला जातात ते बघितलं. हे निकाल सगळ्यांना खुले असतात. विकणाऱ्या प्रत्येकाने एक संध्याकाळ त्यासाठी द्यावी असं मला मनापासून वाटतं.

आधी फोटो पाठवले, मग त्यांच्या मूल्यांकन करणाऱ्या बाई घरी आल्या. मूल्यांकनाचे पैसे घेत नाहीत, कारण वस्तू मिळाल्या तर त्यांचं कमिशन सुटतं. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घालून आम्ही सगळं मांडलं होतं. मी आधीच सगळ्यांना बजावलं होतं की कशालाही ब्रासो लावायचा नाही, काही घासायचं नाही. बिदरीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. बिदरीचा मूळ धातू म्हणजे बहुतांश जस्त आणि थोडं तांबं. त्यावर चांदीची तार किंवा पत्रा बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर लावून जस्ताचा भाग काळा करतात. चांदी आहे तशीच राहते. इंग्रज घरांतल्या नोकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पॉलिश करून कितीतरी बिदरी भांड्यांचा तो काळा रंग उतरवून टाकलाय. आमच्या हुक्क्याच्या तळाचीही एक बाजू अशीच राखाडी पडली होती. नानांनी ती तशीच घेतली होती आणि तशीच ठेवली होती.

चांदीचा चहाचा सेट मात्र बाईंनी हातात घेतल्यावर खाली ठेवलाच नाही. किटली, दुधाचं भांडं आणि साखरेचं भांडं. सगळ्या अंगावर दाट वेलबुट्टी, त्यातून पळणारी हरणं आणि त्यांच्या मागे लागलेले वाघ, आणि किटलीची मूठ नागाची. तळाशी छोट्या अक्षरांत 'ओ. एम. भुज' असा ठसा. ओमरसी मावजी हे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कच्छच्या महारावांच्या दरबारचे सोनार होते, हा त्यांचा ठसा. तरीही बाई म्हणाल्या, "याला चांदी म्हणायच्या आधी मला खात्री करून घ्यावी लागेल." ब्रिटनच्या १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्याप्रमाणे ७.७८ ग्रॅमपेक्षा जड वस्तू तिथे मान्य असलेला हॉलमार्क नसताना चांदी म्हणून विकता येत नाही. म्हणून तिथल्या कॅटलॉगमध्ये भारतीय चांदी बऱ्याचदा 'व्हाइट मेटल' म्हणून छापलेली दिसते, आणि वाचणाऱ्याला वाटतं हे काहीतरी हलकं असणार. सूट १९५० च्या आधीच्या वस्तूंना आहे, पण वस्तू त्या काळातली आहे आणि पुरेशी शुद्ध आहे हे दाखवता आलं पाहिजे. काळ ठशावरून आणि घडणीवरून दाखवता आला. शुद्धतेसाठी त्यांनी किटलीच्या तळाला क्ष-किरणांचं छोटं यंत्र लावलं. काही सेकंदांत आकडा आला, तो इंग्लिश स्टर्लिंगपेक्षा, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदीपेक्षा, वर होता. कॅटलॉगमध्ये 'सिल्व्हर' छापायचं नक्की झालं. त्या एका शब्दाने शोधणारा माणूस बदलतो. चांदी गोळा करणारे लोक संगणकावर 'सिल्व्हर' शोधतात, 'व्हाइट मेटल' शोधत नाहीत.

पुढची पेटी हाताशी आली आणि सगळं थांबलं. ती मुंबईची सादेली कामाची पेटी होती. ही कला इराणमधून सिंध-सुरतेच्या वाटेने मुंबईला आली असं मानतात, आणि पारशी कारागिरांनी ती १९व्या शतकात भरभराटीला आणली. हस्तिदंत, शिंग, काळं लाकूड, कथील यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून त्यांचा जुडगा करायचा आणि तो आडवा कापून पातळ चकत्या काढायच्या. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी उमटते. आमच्या पेटीचा गाभा चंदनाचा होता. झाकण उघडलं की आजही वास येतो. पण कडेच्या पट्ट्या आणि आतल्या खणांची झाकणं हस्तिदंताची होती.

ब्रिटनचा हस्तिदंताचा कायदा २०१८ चा, अंमलात आला ६ जून २०२२ ला. तेव्हापासून हस्तिदंत असलेली वस्तू विकणं मुळातच गुन्हा आहे, ती कितीही जुनी असली तरी. अपवाद मोजके. ३ मार्च १९४७ पूर्वीची वस्तू असेल आणि तिच्यातलं हस्तिदंत आकारमानाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर २० पौंड भरून नोंदणी करता येते. १९१८ पूर्वीची आणि कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने असामान्य महत्त्वाची असेल तर २५० पौंड भरून प्रमाणपत्रासाठी अर्ज. आमच्या पेटीचा बाईंनी ढोबळ हिशोब केला. वरचं सादेली काम कागदासारखं पातळ, पण पट्ट्या आणि झाकणं जाड. दहाच्या आत बसतंय असं त्यांना छातीठोक सांगता येईना, आणि नोंदणीतला खुलासा खोटा ठरला तर जबाबदारी आमचीही होती. त्यांनी पेटी घेतली नाही. मला ते पूर्णपणे योग्य वाटलं. विक्रीला बंदी आहे, पण वारसाहक्काने किंवा भेट म्हणून देण्याला या कायद्यात आडकाठी नाही. पेटी माझ्या नणंदेच्या मुलीकडे गेली, ती इंग्लंडातच असते. हत्तीसाठी हा कायदा हवाच, आणि चंदनाच्या त्या पेटीचं मोल पैशांत झालं नाही याचं मला जराही दुःख नाही.

आणखी एक गोष्ट विक्रीला गेली नाही. एका खोक्यात किरकोळ दागिन्यांबरोबर नानांना कधीतरी चांदीचे टाक मिळाले होते. त्यातला एक घोड्यावरचा खंडोबा, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रा. बाईंनी ते तबकात ठेवून लॉट, म्हणजे एकत्र विकायचे गट, पाडायला घेतले तशा सासूबाई पुढे झाल्या. "अगं, हे कुणाच्या तरी देवघरातले आहेत," त्या मला म्हणाल्या, "कुठून कुठे आले कोण जाणे. आता आपल्याकडे आलेत तर आपण त्यांना तामणात बसवू." बाईंना मी एवढंच सांगितलं की हे देव आहेत, घरीच राहतील. त्यांनी लगेच तबक परत केलं.

करार वाचायला मी पूर्ण दुपार घेतली. लिलावघर दोन्हीकडून घेतं. साधारण हिशोब असा: बोली १,००० पौंडांवर थांबली तर घेणाऱ्याला त्यावर २५ टक्के प्रीमियम आणि त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, म्हणजे १,३०० पौंड मोजावे लागतात. विकणाऱ्याचं १५ टक्के कमिशन आणि त्यावर व्हॅट, शिवाय विमा आणि फोटोचे पैसे वजा होऊन हातात ८०० च्या आसपास पडतात. हे दर लिलावघराप्रमाणे थोडे बदलतात, आणि एखाददुसऱ्या वस्तूऐवजी अख्खा संग्रह देत असाल तर कमिशनवर बोलता येतं. आम्ही बोललो आणि ते १२ वर आलं. न विकल्या गेलेल्या वस्तूचे पैसे लागतील का, वस्तू परत नेताना काही द्यावं लागेल का, हेही लिहून घेतलं. कराचं म्हणाल तर तिथे सुटी वस्तू ६,००० पौंडांपर्यंत विकली गेली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही, आणि सेट एकच वस्तू धरतात. आमचं सगळं त्याच्या आतलं होतं.

अंदाजित किमतीवरून आमची खरी चर्चा झाली. चहाच्या सेटला त्यांनी १,२०० ते १,८०० लिहिले. नवऱ्याला ते कमी वाटले. बाईंचं म्हणणं असं की खालचा आकडा लोकांना बोलीत ओढतो, वरचा आकडा त्यांना पळवून लावतो, आणि दोन जाणकार समोरासमोर आले की अंदाजाला काही अर्थ उरत नाही. मागचे निकाल बघून मला ते खरं वाटलं. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही तो आकडा, खालच्या अंदाजापेक्षा वर ठेवता येत नाही. आम्ही ती सेटला आणि बिदरीला ठेवली, बाकीच्यांना ठेवली नाही.

आता त्या वहीबद्दल सांगते, कारण माझ्या मते सगळ्या संग्रहात तीच सर्वांत मोलाची. नानांनी घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद एका जाड वहीत मराठीत केलेली होती. कुठल्या गावच्या बाजारात घेतली, किती शिलिंग किंवा पौंड दिले, विकणाऱ्याने काय सांगितलं. चहाच्या सेटपुढे लिहिलंय की विकणारीचे पणजोबा रेल्वेत होते, राजकोटला. पानाला टाचणीने मूळ पावती टोचलेली. मी त्या नोंदींचं इंग्रजी भाषांतर करून पावत्यांच्या प्रतींसह लिलावघराला दिलं. वस्तू हिंदुस्थानातून कुणाबरोबर कधी आली, नंतर कुणाकडे होती, याचा कागद असला की घेणारा निर्धास्त बोली लावतो. चोरीचा माल नाही, अलीकडे बाहेर काढलेला नाही, नवी नक्कल नाही, एवढ्या शंका त्या कागदाने मिटतात. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली, ती बातमी आमच्या घरी सगळ्यांनी वाचली होती. त्या तलवारीवर रघुजींचं नाव आणि 'सेनासाहेब सुभा' हे त्यांचं पद असलेला देवनागरी लेख आहे. तो लेख होता म्हणून ती कुणाची हे बोलायला जागा होती. आमच्या वस्तूंवर लेख नव्हते, त्यांचं काम वहीने केलं.

छापायच्या आधी कॅटलॉगचा कच्चा मजकूर दाखवा असा आग्रह मी धरला होता. तो आला तेव्हा अडकित्ते दिसेनात. शोधता शोधता ते एका मिश्र लॉटमध्ये सापडले, पितळी साणशी, लोणी काढायचे साचे आणि अक्रोड फोडायच्या चिमट्यांच्या सोबतीला. आमचे अडकित्ते म्हणजे एकाची मूठ घोड्याची, एकाची मोराची, एकात स्त्री-पुरुष समोरासमोर आणि पातं उघडलं की ते दोघं दूर होतात. काही पितळी, काही पोलादी. अडकित्ते गोळा करणारे लोक जगभर आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा केवढा खजिना आहे. मी त्याच दिवशी एक पानभर पत्र लिहिलं: हे सुपारी कातरायचे आहेत, पश्चिम भारतातले आहेत, कोणता कुठला असावा, पात्याची घडण काय सांगते. सोबत उघड्या आणि मिटलेल्या स्थितीतले फोटो. त्यांनी मिश्र लॉट मोडला, अडकित्त्यांचे दोन वेगळे लॉट केले आणि स्वयंपाकाच्या सामानातून काढून ते आशियाई कलेच्या विक्रीत घातले. तिथला जाणकार माणूस चिनी मातीची भांडी डोळे मिटून ओळखेल, पण सुपारी कातरताना त्याने कुणाला पाहिलेलं नाही. आपण लहानपणी आजीच्या मांडीजवळ बसून ते पाहिलेलं असतं, तेव्हा बोलायला हवं ते आपणच.

रवि वर्मा प्रेसच्या चित्रांनाही असंच बघावं लागलं. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छाप. खालच्या समासात छापखान्याचं नाव असतं, आणि चौकट करणारे तो समास कापून टाकतात. आमच्या दोन चित्रांचा समास शाबूत होता. एका लक्ष्मीच्या साडीवर कुणीतरी खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या होत्या. ती टाके घालणारी बाई कोण असेल, हे मी त्या चित्राकडे बघताना दर वेळी मनात आणायची. चौकट उघडून समासाचा आणि टाक्यांचा जवळून फोटो घ्यायला लावला.

विक्रीच्या आधी दोन दिवस वस्तू बघायला ठेवतात. मी गेले होते. एक वयस्कर गृहस्थ भिंग लावून किटलीच्या नागाचे खवले न्याहाळत होते. मी ओळख दिली नाही.

लिलावाच्या दिवशी हॉल निम्मा रिकामा होता. बोली पडद्यावर आणि फोनवर. तासाला शंभराच्या आसपास लॉट जातात, म्हणजे वर्षानुवर्षं जपलेल्या वस्तूच्या वाट्याला अर्धं-पाऊण मिनिट येतं. 'आशियाई कला' म्हणजे तिथे प्रामुख्याने चीन आणि जपान, भारताचा नंबर शेवटी लागतो. सेट निघाला तेव्हा बोली ९०० पासून सुरू झाली, दोन हजारांपर्यंत चौघं-पाचजण होते, मग एक फोन आणि एक इंटरनेट एवढेच उरले. हातोडा ३,२०० वर पडला. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. अडकित्त्यांचे दोन्ही लॉट अंदाजाच्या वर गेले, एक तर दुपटीच्या. लक्ष्मी गेली, तिच्या जोडीचं चित्रही गेलं. मुंबईच्या काळ्या शिसवीच्या कोरीव खुर्च्या जेमतेम गेल्या, कारण जुन्या गडद लाकडी सामानाला त्या देशात सध्या विचारणाराच नाही. बिदरीचा हुक्का राखीव किमतीला पोचला नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला की एक खरेदीदार राखीवपेक्षा थोडं कमी द्यायला तयार आहे. उतरलेल्या बाजूची सगळी माहिती त्याने आधीच मागून घेतली होती आणि तो काळा रंग पुन्हा चढवणार नव्हता, आहे तसाच ठेवणार होता. आम्ही हो म्हटलं.

हातोडा पडला म्हणजे पैसे आले असं नसतं. २०१० मध्ये लंडनच्या कडेला रायस्लिपच्या बेनब्रिजेस या छोट्या लिलावघरात चिनी फुलदाणीला ४ कोटी ३० लाख पौंडांची बोली लागली आणि जगभर बातम्या झाल्या, पण घेणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत. पुढे ती दुसऱ्या लिलावघराच्या मध्यस्थीने बऱ्याच कमी किमतीला खासगीत विकली गेली. म्हणून लिलावघरं आधी घेणाऱ्याचे पैसे जमा होऊ देतात आणि मग साधारण महिन्याभराने विकणाऱ्याला देतात. आमचे वेळेवर आले, सोबत प्रत्येक लॉटचा वेगळा हिशोब. सेट घेणाऱ्याने लिलावघरामार्फत वहीच्या त्या पानाची प्रत मागितली. मूळ मराठी पान आणि माझं भाषांतर, दोन्ही पाठवलं.

दख्खनचे नकाशे अजून आमच्याकडे आहेत. ते या विक्रीत मी मुद्दाम घातले नाहीत. लंडनला नकाशे आणि प्रवासवर्णनांच्या स्वतंत्र विक्री होतात, तिथे घेणारे जास्त. पण नानांनी एका नकाशावर सातारा-महाबळेश्वरच्या भागात पेन्सिलीने गावांची नावं दुरुस्त केलीत. लंडनच्या लिलावघराचा माणूस म्हणतो ती पुसून घेऊ, कागदाला धक्का लागणार नाही. सासूबाई नको म्हणतात आणि मीही त्यांच्याच बाजूची आहे. तो एक नकाशा ठेवून बाकीचे पुढच्या विक्रीला पाठवायचे, असं सध्या तरी ठरलंय.